दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानातील बुश कॅम्प

दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानातील बुश कॅम्प हे आफ्रिका खंडातील झांबिया देशाच्या पूर्व भागात, लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात, कोरड्या ऋतूपुरते उभारले जाणारे लहान रानमुक्काम होत. पावसाळा सरल्यावर लाकूड, बोरू आणि गवत यांच्या साह्याने ते उभे केले जातात व पुढील पावसाळ्यापूर्वी मोडले जातात. एका कॅम्पात सामान्यतः तीन ते सहा झोपड्या असतात. पाहुण्यांची संख्या क्वचितच बारापेक्षा अधिक होते. जंगलात पायी फिरून वन्यजीव पाहण्याची पद्धत, म्हणजेच पायी सफारी, पर्यटन म्हणून प्रथम याच खोऱ्यात रुजली. तिच्या गरजेतूनच या मुक्कामांना आजचे स्वरूप आले.

नाव

इंग्रजीतील ‘बुश’ या शब्दाचा मूळ अर्थ झुडूप असा असला, तरी आफ्रिकेच्या संदर्भात वस्तीपासून दूर असलेले सगळेच रान त्यात येते. ‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतून जगभर गेला. स्वाहिलीत तो ‘सफर’ या अरबी शब्दापासून आला असून मराठीतील ‘सफर’ही त्याच मुळाची आहे. स्वाहिलीत सफारी म्हणजे कोणताही प्रवास. शिकार किंवा प्राणिदर्शन हा अर्थ युरोपीय शिकाऱ्यांच्या काळात तिला चिकटला.

वर्षभर चालणाऱ्या पक्क्या बांधकामाच्या निवासाला येथे ‘लॉज’ म्हणतात. बहुतेक लॉज उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वाराजवळ, म्फुवे या गावाच्या आसपास आहेत. बुश कॅम्प त्यांच्यापासून दूर, उद्यानाच्या आतल्या भागात असतात. पुष्कळ संस्था नदीकाठी एक लॉज आणि आत दोन-चार बुश कॅम्प अशी जोडणी चालवतात. पाहुणा आधी लॉजवर येतो व तेथून आत जातो.

भूगोल आणि ऋतुचक्र

उद्यानाचे क्षेत्रफळ ९,०५० चौ. किमी असून पश्चिमेला मुचिंगा डोंगराची उभी कड आहे. पूर्वेकडे बहुतांश ठिकाणी लुआंग्वा नदी हीच उद्यानाची सीमा आहे. केवळ न्सेफू हा विभाग नदीच्या पूर्व तीरावर येतो. हे खोरे म्हणजे पूर्व आफ्रिकेतील महाखचदरीचाच एक नैर्ऋत्येकडील फाटा. सुमारे ८०० किमी वाहत जाऊन लुआंग्वा नदी झांबेझीला मिळते. या नदीच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही. त्यामुळे ती अजून स्वतःच्या मर्जीने वाहते. पुरात एक काठ खाते, दुसरीकडे वाळूचे पठार टाकते, आणि जुने वळण सोडून सरळ वाट काढते. सोडलेल्या वळणांत पाणी साचून शालेय भूगोलातील ‘नालाकृती सरोवरे’ तयार होतात. खोऱ्यात त्यांना ‘लगून’ म्हणतात. पाणघोडे, मगरी व पाणपक्षी यांनी गजबजलेल्या अशा लगूनच्या काठीच अनेक कॅम्प वसलेले आहेत.

खोऱ्यात पाऊस साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो. खोऱ्यातील सखल भागात मोठ्या प्रमाणावर काळी चिकणमाती आहे. विदर्भ-मराठवाड्यातील काळी जमीन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मातीचे वर्तन वेगळे सांगावे लागणार नाही. भिजली की ती गाडीचे चाक गिळते आणि वाळली की भेगाळून दगडासारखी होते. ओल्या मातीत उमटलेली हत्तींची पावले पुढे सहा महिने खड्डे होऊन राहतात. त्यांतून गाडी नेणे हाडे खिळखिळी करणारे असते. म्फुवेजवळचे थोडे पक्के रस्ते सोडल्यास पावसाळ्यात उद्यानाचा बहुतेक भाग वाहनांना बंद होतो. कॅम्प हंगामी असण्याचे पहिले कारण हेच आहे. रानाबद्दलचा आदर वगैरे विचार नंतर आले. आधी आली ती ही माती आणि हा पूर.

मे ते ऑगस्ट हा थंड व कोरडा काळ. जून-जुलैत पहाटे चांगलीच थंडी असते व उघड्या गाडीत पाहुण्यांना घोंगड्या दिल्या जातात. सप्टेंबरपासून उष्मा वाढतो. ऑक्टोबरात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. आतल्या भागातील पाणी आटते, लहान नद्यांची वाळू उघडी पडते आणि जनावरे मुख्य नदीकडे व उरलेल्या लगूनकडे लोटतात. प्राणी पाहण्यास हा सर्वोत्तम काळ आणि शरीराला सर्वांत कष्टाचा.

इतिहास

या खोऱ्यात १९०४ साली प्रथम एक संरक्षित शिकारक्षेत्र घोषित झाले, पण ते फार काळ टिकले नाही. १९३८ मध्ये उत्तर लुआंग्वा, दक्षिण लुआंग्वा आणि लुकुसुझी ही राखीव क्षेत्रे स्थापन झाली. झांबिया तेव्हा उत्तर ऱ्होडेशिया या नावाची ब्रिटिश वसाहत होती. देश १९६४ साली स्वतंत्र झाला आणि १९७२ मध्ये या क्षेत्रांना राष्ट्रीय उद्यानांचा दर्जा मिळाला.

बुश कॅम्प व पायी सफारी यांचा इतिहास नॉर्मन कार (१९१२–१९९७) यांच्या नावाशी जोडलेला आहे. आजच्या मोझांबिकमधील चिंदे येथे जन्मलेले कार १९३०च्या दशकात हत्ती-नियंत्रण अधिकारी होते. शेतात शिरणारे हत्ती ठार करणे हे त्यांचे काम होते. पुढे ते वन्यजीव खात्यात आले. १९५० साली त्यांनी कुंडा समाजाचे पारंपरिक प्रमुख न्सेफू यांच्यापुढे एक प्रस्ताव मांडला. काही भूभाग शिकारीपासून राखावा, तेथे केवळ प्राणी पाहण्यासाठी येणाऱ्या लोकांना उतरवावे आणि त्यांच्याकडून मिळणारे पैसे प्रमुखांच्या लोकांना द्यावेत. प्रमुखांनी तो स्वीकारला आणि न्सेफू कॅम्प उभा राहिला. गोल भिंतींच्या काही झोपड्या एवढेच त्याचे रूप होते. पैसे देणारा पाहुणा बंदुकीविना रानात येईल, ही कल्पनाच त्या काळी पुष्कळांना हास्यास्पद वाटली. वसाहतीच्या कारभारात रानातील प्राणी सरकारचे मानले जात आणि त्यांचे मांस खाणारा गावकरी चोर ठरे. त्या पार्श्वभूमीवर जिवंत प्राण्यापासून गावाला उत्पन्न मिळावे, ही अट त्या व्यवहारातील खरी नवी गोष्ट होती. या कथेत कार यांचे नाव नेहमी पुढे येते आणि प्रमुख न्सेफूंचे मागे पडते. मात्र जमीन देण्याचा निर्णय प्रमुखांचा होता.

दोन अनाथ सिंहशावकांना वाढवून पुन्हा रानात सोडण्याचा कार यांचा प्रयोग ‘रिटर्न टू द वाइल्ड’ (१९६२) या त्यांच्या पुस्तकामुळे जगभर माहीत झाला. सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९६०च्या दशकात त्यांनी पर्यटकांना पायी नेणाऱ्या सफारी सुरू केल्या. दिवसभरात जेवढे चालता येईल तेवढ्या अंतरावर पुढचा मुक्काम हवा, या साध्या निकषातून एकमेकांपासून काही किलोमीटरांवर असलेल्या कॅम्पांची साखळी तयार झाली. लुवी या वाळूच्या नदीकाठी असलेले लुवी, न्सोलो आणि काकुली हे कॅम्प अशा साखळीचे परिचित उदाहरण आहे. पाहुणे एका कॅम्पातून दुसऱ्या कॅम्पात पायी जातात व त्यांचे सामान गाडीने पुढे पोहोचते. कार यांच्या हाताखाली तयार झालेल्या अनेकांनी पुढे स्वतःच्या संस्था काढल्या. आजही खोऱ्यातील वाटाड्यांची ‘गुरुपरंपरा’ सांगताना बहुतेक धागे त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचतात.

उभारणी आणि मोडणी

एप्रिलअखेरीस पाणी ओसरू लागले की वाट मोकळी करणाऱ्या तुकड्या आत जातात. पुराने वाहून गेलेले उतार पुन्हा कापणे, पडलेली झाडे हटवणे, नाल्यांवर लाकडांचे तात्पुरते पूल टाकणे यातच पहिले काही आठवडे जातात. गेल्या वर्षीची जागा जागेवर असेलच असे नाही. नदीने काठ खाल्ला असेल तर कॅम्प मागे किंवा पलीकडे सरकतो.

झोपडीचा सांगाडा लाकडी खांबांचा असतो. भिंतींना बोरूचे किंवा गवताचे ताटे लावतात आणि छप्पर गवताने शाकारतात. कोकणात घराची शाकारणी पावसाच्या तोंडावर होते. लुआंग्वात ती पाऊस संपल्यावर होते, कारण छप्पर येथे पावसासाठी नसून उन्हासाठी असते. बांधणीला झाडाच्या सालीचे पट्टे वापरण्याची स्थानिक रीत आहे. जमिनीवर नदीची वाळू पसरून वर चटई टाकतात. न्हाणीघर झोपडीच्या मागे, वरून उघडे असते. लोखंडी पिंपाखाली लाकडे पेटवून पाणी तापवतात आणि ते झाडाला टांगलेल्या बादलीत भरतात. बादलीच्या तळाशी बसवलेला नळ फिरवला की अंघोळ होते. पाव भाजण्यासाठी पत्र्याची पेटी निखाऱ्यांत पुरून भट्टी करतात. अशा पेटीत भाजलेल्या पावाची चव पाहुणे पुढे वर्षानुवर्षे सांगतात.

गवत कापणे, विणणे, खांब रोवणे ही कामे आसपासच्या गावांतील लोक करतात. अनेक कुटुंबांना रोख पैसा मिळण्याचा हा वर्षातील मोठा काळ असतो. हंगाम संपताना हीच कामे उलट्या क्रमाने होतात. गाद्या, भांडी, सौरपट्ट्या म्फुवेला परत जातात. गवत व बोरू यांपैकी जे पुन्हा वापरण्याजोगे नसते ते जाळतात किंवा पुराच्या हवाली करतात. जानेवारीत त्याच जागेवर माणसाच्या उंचीचे गवत आणि काही ठिकाणी पाणी उभे असते.

हे चित्र आता सर्वत्र सारखे राहिलेले नाही. काही कॅम्पांत लाकडी चौथरे व पक्के स्वच्छतागृह वर्षभर तसेच ठेवले जाते आणि केवळ वरचा भाग दरसाल नवा होतो. काही ठिकाणी पोहण्याचे लहान हौदही आले आहेत. ‘बुश कॅम्प’ हे नाव मात्र अशा मुक्कामांनीही सोडलेले नाही.

मुक्कामाचा दिनक्रम

कॅम्पातील दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. साधारण पाचच्या सुमारास हाक देऊन किंवा ढोल वाजवून पाहुण्यांना उठवतात. तोंड धुण्यासाठी गरम पाणी झोपडीच्या दाराशी आणून ठेवलेले असते. शेकोटीभोवती उभ्यानेच चहा, मक्याची किंवा ओटची लापशी व भाजलेला पाव घेऊन सहाच्या आसपास मंडळी चालायला निघतात. ऊन तापण्यापूर्वी परत यायचे असते. दुपार झोपण्याची किंवा झोपडीसमोर बसून पाण्यावर येणारी जनावरे पाहण्याची. चारच्या सुमारास पुन्हा चहा होऊन दुसरी फेरी निघते. बहुधा ती गाडीतून असते व अंधार पडल्यावरही चालू राहते. प्रखर दिव्याच्या झोतात रात्री प्राणी पाहण्यास या उद्यानात परवानगी आहे. बिबट्यासाठी लुआंग्वाची जी ख्याती झाली, ती मुख्यतः या रात्रीच्या फेऱ्यांमुळे.

कॅम्पाला कुंपण नसते. रात्री पाणघोडे चरायला वर येतात आणि झोपड्यांच्या मधून जातात. ऑगस्टनंतर ‘विंटरथॉर्न’ या बाभळीसारख्या झाडाच्या वळलेल्या, केशरी शेंगा गळू लागल्या की हत्ती त्या वेचत स्वयंपाकघरापर्यंत येतात. काळोख पडल्यावर पाहुण्याने एकट्याने झोपडीबाहेर पडायचे नाही, हा सर्व कॅम्पांचा नियम आहे. जेवणानंतर पहारेकरी विजेरी घेऊन प्रत्येकाला दारापर्यंत पोहोचवतो. पहिल्या रात्री बोरूच्या भिंतीपलीकडे पाणघोड्याच्या चरण्याचा आवाज ऐकून जागा राहिलेला पाहुणा तिसऱ्या रात्री शांत झोपतो, असा वाटाड्यांचा अनुभव आहे. धान्य व मांस मात्र बंद पेटाऱ्यांत ठेवावे लागते. तरस, वानरे आणि ‘हनी बॅजर’ हा धीट, लहानसा मांसभक्षक यांच्यापासून काही सुटत नाही.

पाहुण्यांचे जेवण युरोपीय वळणाचे असते. कर्मचाऱ्यांचे मुख्य अन्न म्हणजे ‘न्शिमा’. मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला हा घट्ट गोळा आपल्या तांदळाच्या उकडीची आठवण करून देतो. पालेभाजी, सुकी मासळी किंवा शेंगदाण्याचा कूट घातलेले कालवण यांबरोबर तो हातानेच खातात. मागितल्यास पाहुण्यांनाही आनंदाने वाढला जातो. ताजा भाजीपाला व किराणा म्फुवेहून किंवा सुमारे १०० किमीवरील चिपाटा या शहरातून येतो. चिपाट्यात गुजराती वंशाच्या व्यापाऱ्यांची जुनी वस्ती असून तेथील बाजारपेठेत त्यांचा मोठा वाटा आहे.

पायी सफारी आणि सुरक्षितता

पायी सफारीत सर्वजण एकामागोमाग चालतात. सर्वांत पुढे राष्ट्रीय उद्यान व वन्यजीव विभागाचा सशस्त्र रक्षक, त्याच्या मागे वाटाड्या आणि मग पाहुणे. साधारणतः सहाच्या वर नाहीत. शेवटी चहाचे सामान वाहणारा मदतनीस असतो. वाटाड्याला परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. प्राण्यांची व पक्ष्यांची ओळख, झाडे, पावलांचे ठसे, बंदूक हाताळणे, प्रथमोपचार अशा अनेक विषयांत त्याची तयारी पाहिली जाते. निर्णय वाटाड्याचा आणि बंदूक रक्षकाची, अशी ही विभागणी आहे. लहान मुलांना पायी नेत नाहीत. बहुतेक संस्थांची किमान वयोमर्यादा १२ वर्षे आहे.

मोठी जनावरे जवळून पाहणे हा या चालण्याचा हेतू नव्हे. गाडीतून सिंह जितका जवळ दिसतो तितका तो पायी कधीच दिसत नाही व दिसू नये. पायी चालणाऱ्याचे लक्ष लहान गोष्टींकडे जाते. वारुळे, विष्ठेतील बिया, सालीवर हत्तीच्या दातांनी केलेल्या खुणा, रात्री कोण कोणाच्या मागे गेले ते सांगणारे वाळूतील ठसे. वारा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहण्यासाठी वाटाड्या राखेची लहान पुरचुंडी हलवत चालतो. गाडीचे इंजिन बंद असते तेव्हाही गाडीत बसलेल्या माणसाला वाऱ्याची दिशा कळण्याचे कारण नसते. पायी चालणाऱ्याला मात्र दहा मिनिटांत ती कळू लागते.

धोका खरा आहे. शावकांसह असलेली सिंहीण, एकटा म्हातारा रानरेडा, पाण्याची वाट अडली असता पाणघोडा आणि पिलू जवळ असलेली हत्तीण यांना वाटाडे सर्वांत जास्त जपतात. एकाकी म्हाताऱ्या रेड्याला स्थानिक भाषेत ‘काकुली’ म्हणतात. वर उल्लेखिलेल्या कॅम्पाचे आणि नॉर्मन कार यांच्या शेवटच्या काळातील एका पुस्तकाचे नाव त्यावरूनच आहे. जुलै २०२५ मध्ये या उद्यानात पायी सफारीवर असताना पिलासोबतच्या हत्तिणीने केलेल्या हल्ल्यात ब्रिटन व न्यूझीलंड येथील दोन ज्येष्ठ महिला मरण पावल्या. सोबतच्या मार्गदर्शकांनी गोळ्या झाडूनही तिला थांबवता आले नाही. बंदूक बरोबर आहे म्हणजे संरक्षण आहे, ही समजूत या घटनेने पुसली. अंतर राखणे हेच येथील पहिले संरक्षण मानले जाते. गोळी झाडावी लागणे म्हणजे आधी कोठेतरी चूक झाली, असे जुने वाटाडे शिकवतात.

भारतातील व्याघ्रप्रकल्पांशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. ताडोबा-अंधारी प्रकल्पात गाभा क्षेत्रातील सफारीत पर्यटकाला गाडीतून उतरता येत नाही आणि खासगी निवास प्रवेशद्वारांच्या बाहेर आहेत. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद राहते, एवढे एक साम्य आहे. मात्र ताडोबाला वर्षाकाठी येणाऱ्या गर्दीपुढे लुआंग्वाच्या आतल्या भागात एका वेळी असणारी माणसे नगण्य आहेत. तेथील नियम इकडे जसेच्या तसे लागू करता येतील असे मानणे योग्य नाही.

वन्यजीव

थॉर्निक्रॉफ्टचा जिराफ ही उपजात नैसर्गिकरीत्या केवळ लुआंग्वा खोऱ्यात आढळते व तिची संख्या काही शेकड्यांतच आहे. तिचे गुडघ्याखालील पाय ठिपके नसलेले, पांढुरके असतात. कुकसनचा विल्डबीस्ट हाही याच खोऱ्यातला. झेब्य्राची येथील उपजात अंगावर पट्ट्यांमध्ये फिकट ‘छायापट्टे’ नसल्यामुळे वेगळी ओळखू येते. सिंह, बिबट्या, ठिपकेदार तरस, आफ्रिकी रानकुत्रे, रानरेडे आणि पुकू नावाचे सोनेरी हरीण सर्वत्र दिसतात. चित्ता येथे नाही.

सप्टेंबरात किरमिजी वेडे राघू हजारोंच्या संख्येने येतात व नदीच्या उभ्या काठांत बिळे करून घरटी घालतात. ज्या काठांच्या कोसळण्याने कॅम्पांच्या जागा जातात, त्याच ताज्या कापलेल्या काठांवर या पक्ष्यांची वसाहत अवलंबून असते. नदीवर धरण झाले असते तर पुराबरोबर हे काठही गेले असते. न्देवू घळीत धरण बांधण्याची योजना २०१९ मध्ये सरकारने थांबवली.

मराठी वाचकाला येथील काही झाडे अनोळखी वाटणार नाहीत. गोरखचिंचेचे अजस्र वृक्ष खोऱ्यात आहेत. आपल्या परसातील चिंचही मूळची आफ्रिकेचीच असून लुआंग्वाच्या काठी ती रानटी वाढते. वारुळांवर उगवलेल्या चिंचेच्या दाट सावलीत दुपारी बिबट्या विसावलेला आढळतो.

चोरटी शिकार आणि कॅम्पांचे स्थान

१९७०च्या दशकाच्या आरंभी लुआंग्वा खोऱ्यात सुमारे १ लाख हत्ती होते असा अंदाज आहे. हस्तिदंतासाठी झालेल्या शिकारीमुळे १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते सुमारे १५,००० उरले. काळ्या गेंड्यांची तर हजारोंची संख्या पूर्णपणे नष्ट झाली. १९९८ मध्ये झांबियातून काळा गेंडा नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. २००३ पासून उत्तर लुआंग्वात बाहेरून आणलेले गेंडे पुन्हा वसवले जात आहेत. दक्षिण लुआंग्वात पाहुण्यांना गेंडा दिसत नाही तो यामुळे.

त्या वाईट वर्षांत आतल्या भागात वावर असलेले कॅम्प हे काही अंशी पहाऱ्याचे काम करीत. माणसे रोज पायी फिरतात तेथे शिकाऱ्यांच्या टोळीला लपणे अवघड जाते. परंतु कॅम्प पावसाळ्यात नसतात, आणि गवत वाढलेल्या त्या महिन्यांतच शिकाऱ्याला मोकळे रान मिळते. आजचे मोठे संकट तारेच्या फासांचे आहे. मांसासाठी हरणांना लावलेल्या फासांत सिंह, रानकुत्रे व हत्तीही अडकतात. २००३ मध्ये स्थापन झालेली ‘कॉन्झर्वेशन साउथ लुआंग्वा’ ही संस्था सरकारी विभागासोबत गस्त घालणे, फास काढणे व जखमी प्राण्यांवर उपचार करणे ही कामे करते. तिच्या खर्चाचा काही भाग कॅम्प व लॉज यांच्याकडून येतो.

स्थानिक समाज

उद्यानाच्या पूर्वेकडील लुपांडे या वन्यजीव-व्यवस्थापन क्षेत्रात कुंडा समाजाची गावे आहेत. या क्षेत्रात माणसे राहतात, शेती करतात आणि प्राणीही मुक्तपणे वावरतात. मक्याचे पीक हाती येण्याच्या दिवसांत हत्ती नदी ओलांडून शेतात शिरतात. एका रात्रीत वर्षाचे धान्य जाते व त्याची पुरेशी भरपाई मिळत नाही. मिरचीची पूड व वंगण फासलेल्या दोऱ्यांची कुंपणे, मिरची घातलेल्या शेणाच्या गोवऱ्यांचा धूर असे उपाय योजले जातात. त्यांनी नुकसान कमी होते, थांबत नाही.

न्सेफू यांच्याशी झालेल्या १९५०च्या कराराचे तत्त्व पुढे किती पाळले गेले, याचे उत्तर मिश्र आहे. १९८०च्या दशकात लुआंग्वा एकात्मिक विकास प्रकल्पाद्वारे वन्यजीवांचे उत्पन्न गावांकडे वळवण्याचे प्रयत्न झाले. १९९८च्या वन्यजीव कायद्याने स्थानिक लोकांची संसाधन मंडळे स्थापन करण्याची तरतूद केली. परंतु गावांना मिळणारा कायदेशीर वाटा मुख्यतः व्यवस्थापन क्षेत्रातील परवानाधारक शिकारीच्या शुल्कातून येतो. उद्यानाचे प्रवेशशुल्क सरकारजमा होते. म्हणजे प्राणी न मारता पाहण्याच्या ज्या व्यवसायासाठी मूळ करार झाला, त्याच्या उत्पन्नात गावाचा हक्काचा भाग आज स्पष्ट नाही. कॅम्पांकडून गावांत जे येते ते पगार, गवत-लाकडाची खरेदी आणि प्रत्येक पाहुण्यामागे स्वेच्छेने आकारलेला शिक्षण वा संवर्धन निधी या वाटांनी. त्यातून शाळांच्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत व शेकडो मुलांचे शुल्क भरले जाते. ही मदत मोलाची असली, तरी मदत आणि वाटा यांत फरक आहे.

कॅम्पाचा दर माणशी एका रात्रीला काही शे अमेरिकी डॉलर असतो. झांबियातील सामान्य नागरिकाला तो परवडत नाही. आपल्याच जिल्ह्यातील उद्यान आतून न पाहिलेली कितीतरी मुले म्फुवे परिसरात आहेत. काही संस्था शाळांच्या सहली आत नेतात. दुसरीकडे, पूर्वी गोऱ्या शिकाऱ्यांच्या हाती असलेला वाटाड्याचा पेशा आता मोठ्या प्रमाणावर खोऱ्यातील माणसांकडे आला आहे. चहा वाहणारा मुलगा पुढे परीक्षा देऊन वाटाड्या झाल्याची उदाहरणे विरळा नाहीत.

२०२० मध्ये जागतिक महासाथीमुळे परदेशी प्रवास थांबला आणि अनेक बुश कॅम्प त्या वर्षी उभे राहिलेच नाहीत. गवत विकले गेले नाही, हंगामी कामे निघाली नाहीत. एका पावसाळ्यानंतर दुसरा पावसाळा येईपर्यंत त्या जागांवर कोणी गेले नाही आणि २०२१ मध्ये पुन्हा काम सुरू करणाऱ्या तुकड्यांना गाडीच्या वाटा नव्याने शोधाव्या लागल्या.

प्रवास

राजधानी लुसाका येथून म्फुवेच्या विमानतळावर लहान विमाने जातात. उड्डाणाला एक तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. रस्त्याने लुसाका ते चिपाटा सुमारे ५७० किमी असून तेथून म्फुवेपर्यंत डांबरी सडक आहे. म्फुवेहून आतले कॅम्प एक ते तीन तासांच्या अंतरावर आहेत. न्सेफू विभागाकडे किंवा काही उत्तरेकडील कॅम्पांकडे जाताना नदी नावेने ओलांडावी लागते. खोऱ्यात हिवतापाचा धोका वर्षभर असतो, त्सेत्से माशी काही भागांत त्रास देते, आणि गडद निळे वा काळे कपडे तिला आकर्षित करतात. लहान विमानांत सामानाच्या वजनावर मर्यादा असते व मऊ पिशवीच चालते. मुख्य नदीला पुरेसे पाणी असते तेव्हा, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, नदीकाठच्या मोजक्या मुक्कामांवरून नावेने फिरता येते; आतले बुश कॅम्प त्या वेळी पाण्यात किंवा गवतात असतात.